विमानाने तुम्ही पोहोचलात, बॅग पोहोचली नाही : आता काय करायचे?

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. तुमसर, साकोली, पवनी किंवा लाखांदूरच्या माणसाला विमानाने कुठे जायचे असेल, तर बहुतेक वेळा आधी नागपूर गाठावे लागते. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरल्यावर भंडारा शहर साधारण सत्तर किलोमीटरवर असते. साकोली किंवा लाखांदूर त्याहून बरेच लांब. बाहेर गाडी उभी असते, चालक फोन करत असतो, सोबत लेकरे किंवा म्हातारी माणसे असतात. अशा वेळी सामानाचा पट्टा फिरून थांबतो आणि आपली बॅग काही येत नाही.

काउंटरवरचा कर्मचारी सांगतो, ‘उद्या येईल, आम्ही फोन करू.’ आपण त्यावर विश्वास ठेवून निघतो. बॅग बहुतेक वेळा येतेही. पण ती आली नाही, फाटून आली किंवा आतले सामान गायब झाले, तर त्या तोंडी आश्वासनाचा काहीच उपयोग होत नाही. सामानाच्या बाबतीत कायदा प्रवाशाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहे, मात्र तो लेखी तक्रार आणि तारखा पाहतो. म्हणून विमानतळ सोडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आणि त्यानंतरचे सात व एकवीस दिवस महत्त्वाचे ठरतात. या मुदतींत नेमके काय करायचे, ते पाहू.

बॅग नेमकी चुकते कुठे?

चेक-इन करताना बॅगेला जो लांब कागदी टॅग लावतात, त्यावर दहा अंकी क्रमांक आणि बारकोड असतो. त्यात विमान कंपनीचा सांकेतिक अंक आणि बॅगेचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. शेजारी मोठ्या अक्षरांत उतरण्याच्या विमानतळाची तीन अक्षरे छापलेली असतात. नागपूरसाठी ती ‘एन ए जी’ अशी आहेत. पुढचा सगळा प्रवास बॅग या टॅगच्या भरवशावर करते. टॅग फाटला, जुन्या प्रवासाचा टॅग तसाच राहून यंत्राने तो वाचला किंवा काउंटरवर चुकीच्या गावाचा टॅग लागला, की बॅग भलतीकडे जाते.

सर्वाधिक गडबड विमान बदलताना होते. नागपूरहून थेट विमाने मोजक्याच शहरांना असल्याने आपल्याकडच्या प्रवाशाला मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादला विमान बदलण्याची वेळ वारंवार येते. पहिले विमान उशिरा आले, तर माणूस धावत जाऊन दुसरे विमान पकडतो, बॅग मात्र मागे राहते. विमान वाहतुकीला तंत्रज्ञान पुरवणाऱ्या ‘सिटा’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांची गडबड झाली. त्यांपैकी सुमारे ४१ टक्के प्रकार विमान बदलतानाचे होते. २००७ मध्ये हेच प्रमाण हजारामागे जवळपास १९ होते. म्हणजे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे.

याच अहवालात दिलासा देणारी आणखी एक गोष्ट आहे. गडबड झालेल्या बॅगांपैकी सुमारे ७४ टक्के फक्त उशिरा आल्या, १८ टक्के बॅगांचे नुकसान झाले किंवा आतले सामान गेले, आणि कायमच्या हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या सुमारे ८ टक्के होत्या. त्यामुळे पट्टा रिकामा दिसला म्हणून हादरून जायचे कारण नाही. तरीही आपली बॅग त्या आठ टक्क्यांत नाही, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. कागद करून ठेवायचा तो यासाठीच.

एक कारण मात्र आपल्या हातातले आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत ठेवायला मनाई आहे. एक्स-रे तपासणीत तशी वस्तू दिसली, तर बॅग बाजूला काढून ठेवतात आणि ती उघडण्यासाठी प्रवाशाला शोधतात. प्रवासी तोवर विमानात बसलेला असेल, तर बॅग मागेच राहते.

विमानतळ सोडण्यापूर्वी

पट्टा पूर्ण थांबेपर्यंत थांबा. वेगळ्या आकाराचे किंवा जास्त जड सामान कधी कधी बाजूच्या दारातून आणून ठेवतात, तेही पाहा. आपल्यासारखीच एखादी बॅग पट्ट्यावर एकटीच फिरत असेल, तर तिच्या टॅगवरचे नाव वाचा. कोणीतरी चुकून तुमची बॅग उचलून नेली असण्याची शक्यता असते. तसे दिसल्यास कर्मचाऱ्याला लगेच सांगा, म्हणजे त्या प्रवाशाला रस्त्यातच फोन जाऊ शकतो.

बॅग नाहीच, याची खात्री झाली की त्याच दालनातल्या विमान कंपनीच्या सामान काउंटरवर जा. ‘प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट’ म्हणजेच ‘पीआयआर’ करून द्या, असे स्पष्ट सांगा. बॅग हरवली, उशिरा आली, फुटली किंवा उघडलेली आढळली, तरी हाच अहवाल करायचा असतो. तो करताना चार गोष्टी जवळ हव्यात : बोर्डिंग पास, चेक-इनच्या वेळी मिळालेली टॅगची चिठ्ठी, ओळखपत्र आणि बॅगेचे वर्णन. ‘काळी बॅग’ एवढ्याने काही होत नाही. कंपनीचे नाव, आकार, चाके किती, कुलूप कसले, बाहेर कोणती खूण आणि आत अगदी वर काय ठेवले आहे, हे सांगा. बाहेरचा टॅग तुटला असेल, तर आतल्या वस्तूंवरूनच बॅग ओळखली जाते.

अहवाल झाला की तुम्हाला दहा अक्षर-अंकांचा एक संदर्भ क्रमांक मिळतो. त्यात सुरुवातीला विमानतळाची तीन अक्षरे, मग विमान कंपनीची दोन आणि शेवटी पाच अंक असतात. जगभरातल्या अनेक विमान कंपन्या ‘वर्ल्डट्रेसर’ नावाच्या एकाच शोधयंत्रणेत या नोंदी करतात. त्यामुळे नागपूरला नोंदवलेली बॅग दुसऱ्या देशात कोपऱ्यात पडलेली असली, तरी जुळवता येते. हा क्रमांक लिहून घ्या, अहवालाची प्रत मागा आणि प्रत मिळत नसेल तर कागदाचा मोबाइलवर फोटो काढा.

बॅग आली पण फुटलेली, भिजलेली किंवा चेन उसवलेली असेल, तर ती तिथेच उघडून पाहा. बाहेरून, आतून आणि टॅगसह फोटो काढा. वजनाची सोय असेल तर वजन करून घ्या. चेक-इनला २२ किलो असलेली बॅग १७ किलोची भरली, तर आतले सामान गेल्याचा तो चांगला पुरावा आहे. चेक-इनच्या वेळचे वजन अनेकदा टॅगच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

पत्ता देताना विशेष काळजी घ्या. ‘नागपूर’ लिहून मोकळे होऊ नका. गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, जवळची खूण आणि दोन मोबाइल क्रमांक द्या. सापडलेली बॅग घरपोच देणार का, हे विचारून अहवालावर तसे लिहून घ्या. कंपन्या शहरात बॅग सहसा पोहोचवतात. ‘तुमचे गाव लांब आहे, येऊन घेऊन जा’ असे सांगितले, तर ते संदेशात किंवा ईमेलवर लेखी मागा. मग जाण्यायेण्याच्या एसटीच्या किंवा गाडीच्या खर्चाच्या पावत्या ठेवा आणि तो खर्च उशिरामुळे झालेले नुकसान म्हणून मागा.

परदेशातून येताना

भंडारा जिल्ह्यातून आखाती देशांत कामाला जाणारे आहेत, हज-उमराला जाणारे आहेत, मुलांकडे परदेशी जाऊन येणारे आईवडीलही आहेत. मुंबई किंवा दिल्लीमार्गे नागपूरला परत येताना त्यांची एका ठिकाणी गफलत होते. टॅगवर नागपूर लिहिले आहे म्हणून बॅग थेट नागपूरलाच मिळेल, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भारतात पहिल्यांदा जिथे उतरतो, तिथे बॅग घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करावी लागते. तुमच्या प्रवासात नेमके कसे आहे, हे निघण्याच्या विमानतळावर चेक-इन करतानाच विचारून घ्या.

बॅग मुंबईलाच आली नसेल, तर तक्रार मुंबईलाच करा. ‘नागपूरला गेल्यावर बघू’ म्हणून पुढे निघू नका. आणखी एक काम तिथेच करायचे असते, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. परदेशातून आणलेल्या वस्तूंवर ठरावीक किमतीपर्यंत कस्टम सवलत मिळते. ही सवलत तुमच्यासोबत आलेल्या सामानाला असते. बॅग मागाहून आली तरी ती मिळावी, यासाठी विमान कंपनीकडून बॅग चुकल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि सवलतीचा किती भाग शिल्लक आहे, याची नोंद करून त्यावर कस्टम अधिकाऱ्याची सही घ्यायची. तो कागद असला, की बॅग आल्यावर उरलेली सवलत वापरता येते.

घरी आल्यावर लक्षात आले तर?

विमानतळावर तक्रार केली नाही म्हणजे सगळे संपले, असे नाही. काउंटरवरची माणसे काहीही सांगोत, कायद्याने दिलेली मुदत त्याहून मोठी आहे.

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सहभागी झाला आणि त्यातले नियम विमान वाहतूक अधिनियम, १९७२ या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत घेतले गेले. २०१४ मधल्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने देशांतर्गत प्रवासही, वेगळ्या रकमांसह, याच चौकटीत आणला. त्यातल्या मुदती अशा :

सात दिवस : बॅगेचे किंवा आतल्या वस्तूंचे नुकसान झाले असेल, तर बॅग हातात आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करायची.

एकवीस दिवस : बॅग उशिरा मिळाली असेल, तर ती तुमच्या ताब्यात आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत उशिराबद्दल लेखी तक्रार करायची.

पुन्हा एकवीस दिवस, पण वेगळे : बॅग जेव्हा यायला हवी होती, त्या दिवसापासून एकवीस दिवसांत ती आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. कंपनीने त्याआधीच हरवल्याचे कबूल केले, तर तेवढे थांबायचीही गरज नाही.

दोन वर्षे : दावा दाखल करण्याची शेवटची मुदत. विमान पोहोचले किंवा पोहोचायला हवे होते त्या दिवसापासून ती मोजतात.

हे दिवस कॅलेंडरचे आहेत. रविवार, दिवाळी, घरातले लग्न यांमुळे ते वाढत नाहीत. आणि ‘लेखी’ म्हणजे लेखीच. कॉल सेंटरवर दहा वेळा केलेला फोन ही तक्रार धरली जाईलच, असे नाही. ईमेल करा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार न करता बॅग स्वीकारली, तर ती चांगल्या स्थितीत मिळाली असे प्रथमदर्शनी मानले जाते, आणि सात दिवस उलटले तर नुकसानीचा दावा जवळपास संपतोच.

पीआयआर आणि ही लेखी तक्रार या एकच गोष्टी नाहीत, हेही लक्षात ठेवा. पीआयआर म्हणजे घटना नोंदवली गेली. पैसे मागणारे पत्र त्यानंतर वेगळे पाठवायचे.

पैसे किती मिळू शकतात?

देशांतर्गत प्रवासात सामान हरवणे, फुटणे किंवा उशिरा येणे, या सगळ्यांसाठी कंपनीची जबाबदारी एका प्रवाशामागे जास्तीत जास्त २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात मर्यादा ‘एसडीआर’ या एककात मोजतात. ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याची किंमत डॉलर, युरो अशा पाच चलनांवरून ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून कराराची मर्यादा १,५१९ एसडीआर आहे. रुपयाच्या दरानुसार ती बदलते, पण साधारण पावणेदोन लाख रुपये धरायला हरकत नाही.

या रकमांबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, बॅग हरवली की २०,००० रुपये मिळतातच. तसे नाही, ही वरची मर्यादा आहे. बारा हजारांचे सामान असेल तर बारा हजारच मागता येतील. दुसरा, कंपनी देईल तेवढेच घ्यायचे. तेही खरे नाही. जबाबदारी टाळणारी किंवा कराराच्या मर्यादेपेक्षा कमी रक्कम ठरवणारी अट करारानुसार निरर्थक ठरते. मात्र बॅगेतल्या वस्तूच्याच दोषामुळे किंवा स्वभावामुळे नुकसान झाले असेल, तर कंपनी जबाबदार नसते. आंबा प्रवासात पिकून फुटला, तर त्याला कंपनी काय करणार?

तिकीट कसे काढले, यावरही मोठा फरक पडतो. नागपूर ते मुंबई आणि मुंबई ते दुबई हा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर नागपूर-मुंबई हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचा भाग धरला जातो आणि मोठी मर्यादा लागू होते. दोन वेगवेगळी तिकिटे काढली आणि बॅग नागपूर-मुंबई टप्प्यात हरवली, तर २०,००० रुपयांचीच मर्यादा पुढे येऊ शकते. एका तिकिटात दोन कंपन्यांची विमाने असतील, तर पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि ज्या कंपनीच्या टप्प्यात बॅग हरवली ती, यांपैकी कोणाकडेही सामानाचा दावा करता येतो. ‘ती चूक आमची नाही, त्यांची’ या उत्तरावर थांबू नका.

बॅगेत खरोखरच महाग वस्तू न्यायची असेल, तर चेक-इनच्या वेळी तिची किंमत जाहीर करून जादा शुल्क भरण्याची तरतूद करारात आहे. मग त्या जाहीर केलेल्या रकमेपर्यंत जबाबदारी वाढते. सगळ्याच काउंटरवर हे सहज होत नाही, म्हणून आधी विचारा. दागिने, रोख रक्कम, जमिनीची कागदपत्रे, मुलांच्या मूळ गुणपत्रिका आणि रोजची औषधे चेक-इन बॅगेत ठेवूच नयेत, हेच खरे.

कोसा साडी, चिन्नोर आणि पितळेचा हंडा

भरपाई ठरवताना खरी अडचण येते ती किंमत सिद्ध करण्याची, आणि आपल्याकडच्या बॅगेत काय असते हे पाहिले की ती लगेच कळते.

मोहाडी किंवा आंधळगावच्या विणकराकडून घेतलेली कोसा साडी घ्या. हातमागाच्या कोशाला हजारो रुपये पडतात, पण अनेकदा छापील बिल नसते. विमान कंपनी विचारते, ‘साडी दहा हजारांची कशावरून?’ म्हणून घेतानाच हाताने लिहिलेली का होईना, तारीख, रक्कम आणि सही असलेली पावती घ्या. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे मोबाइलमध्ये नोंद राहते. रोख दिले असतील, तर विणकराकडून मागाहून लिहून आणलेले पत्रही काही नसण्यापेक्षा बरे.

भौगोलिक मानांकन मिळालेला भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ लेकीसाठी किंवा नातेवाइकांसाठी नेणारे पुष्कळ आहेत. पोते किंवा पातळ पिशवी चेक-इनला दिली, की कर्मचारी टॅगवर सही घेतात. त्या सहीचा अर्थ, ‘बांधणी कच्ची आहे हे मला माहीत आहे आणि ती फाटली तर कंपनीवर जबाबदारी नाही’ असा असतो. सही करण्यापूर्वी वाचा. त्यापेक्षा तांदूळ जाड पिशवीत शिवून टणक बॅगेच्या आत ठेवा. ही सही फक्त बांधणीपुरती असते. संपूर्ण पोतेच हरवले, तर ‘तुम्ही सही केली होती’ हे उत्तर पुरेसे नाही.

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. रुखवतातला हंडा किंवा समई बॅगेत नेली आणि ठेचून आली, तर दुरुस्तीचा अंदाज कासाराकडून कागदावर लिहून घ्या. सुटकेसच्या बाबतीतही तसेच. मोडलेल्या चाकाचा किंवा हँडलचा दुरुस्ती खर्च दुकानदाराकडून लिहून घ्या. दुरुस्त होण्यासारखी नसेल, तर तसे लिहून घ्या. मोडकी बॅग दावा संपेपर्यंत फेकू नका.

सर्वांत सोपा पुरावा मात्र फुकट आहे. बॅग भरून झाली की बंद करण्यापूर्वी एक फोटो, बंद केल्यावर एक आणि काउंटरवर टॅग लागल्यावर एक. तीन फोटोंना अर्धा मिनिट लागतो.

बॅग उशिरा येणार असेल तर तोवरचा खर्च

समजा, लाखनीहून कोणी बंगळुरूला मुलाखतीला गेले आणि बॅग दोन दिवसांनी येणार आहे. तोवर लागणारे कपडे, दाढीचे सामान, चप्पल, औषधे यांचा वाजवी खर्च कंपनीकडे मागता येतो. काही कंपन्या काउंटरवरच थोडी तातडीची रक्कम देतात, म्हणून विचारायला लाजू नका. पण पावती प्रत्येकाची हवी. मुलाखतीसाठी साधा शर्ट-पँट घेणे वाजवी ठरेल, महागडा सूट घेतला तर वाद होईल. बॅग सापडून परत मिळाली, तरी हा खर्च मागता येतो, आणि त्यासाठीची एकवीस दिवसांची मुदत वर आलीच आहे. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळे केले होते, हे कंपनीने सिद्ध केले तर ती सुटू शकते. पण ते सिद्ध करणे कंपनीचे काम आहे, तुमचे नाही.

प्रवास विमा काढला असेल, तर त्याची अटही वाचा. अनेक पॉलिसींत ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाल्यास वेगळी रक्कम मिळते. विमा कंपनीही पीआयआरची प्रतच मागते.

पत्रात काय लिहायचे?

पत्र मराठीतही चालते, पण बाहेरच्या कंपनीला इंग्रजीत पाठवले तर उत्तर लवकर येते. मजकूर असा असावा :

‘मी अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या विमानाने मुंबईहून नागपूरला आलो. माझ्या बॅगेचा टॅग क्रमांक अमुक आहे. बॅग मला मिळाली नाही / फुटलेली मिळाली / अमुक तारखेला मिळाली. याचा अहवाल त्याच दिवशी केला असून त्याचा संदर्भ क्रमांक अमुक आहे. वस्तूंची यादी, खरेदीची तारीख, किंमत आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत. माझे एकूण नुकसान अमुक रुपये आहे. ही रक्कम तीस दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी, अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.’

रागाचे वाक्य एकही नको. तारखा, क्रमांक आणि रक्कम एवढेच बोलू द्या.

कंपनी दाद देत नसेल तर

कंपनीच्या संकेतस्थळावर नोडल अधिकारी आणि त्यावरचे अपील अधिकारी यांची नावे व ईमेल दिलेले असतात. आधी नोडल अधिकाऱ्याला, मग अपील अधिकाऱ्याला लिहा. त्याच वेळी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथेही नोंद करता येते. अनेक प्रकरणे या टप्प्यावरच मिटतात.

तरीही काही झाले नाही, तर ग्राहक आयोग. इथे भंडाऱ्याच्या माणसासाठी मोठी सोय आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे विमान कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीला असो की गुरुग्रामला, तक्रार भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल होऊ शकते. सेवेसाठी मोजलेली रक्कम, म्हणजे इथे तिकिटाची, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करण्याची सोयही आहे. सामानाच्या किमतीबरोबर मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात एक गोष्ट तपासा. दावा कुठे करायचा, याची ठिकाणे करारात ठरवून दिली आहेत : कंपनीचे मूळ किंवा मुख्य ठिकाण, जिथल्या कार्यालयामार्फत तिकीट काढले ते ठिकाण आणि प्रवासाचे अंतिम ठिकाण. जाऊन-येऊन तिकीट असेल तर अंतिम ठिकाण म्हणजे जिथून निघालो तेच मानले जाते. ग्राहक आयोगाला असे दावे ऐकण्याचा अधिकार आहे का, हा वाद पूर्वी झाला होता. ट्रान्स मेडिटेरेनियन एअरवेज विरुद्ध युनिव्हर्सल एक्स्पोर्ट्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला, की अशा दाव्यांसाठी ग्राहक आयोगही ‘न्यायालय’ या शब्दात बसतो. तो खटला मालवाहतुकीचा होता, पण मुद्दा सामानालाही लागू पडतो. विदेशी कंपनी असेल, तर दाखल करण्यापूर्वी एकदा जाणकाराला विचारून घेणे बरे.

पुढच्या प्रवासाआधी

जुने टॅग आणि बारकोडचे छोटे स्टिकर काढून टाका. बॅगेच्या बाहेर आणि आत, दोन्हीकडे नाव व मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद ठेवा. घराचा पूर्ण पत्ता आतल्या कागदावर पुरे. दोघे मिळून जात असाल, तर दोघांचे थोडे थोडे कपडे दोन्ही बॅगांत टाका, म्हणजे एक चुकली तरी कोणी उघडे पडत नाही. विमान बदलायचे असेल, तर मधला वेळ पुरेसा ठेवा. एकाच तिकिटावर प्रवास काढा. काउंटरवर टॅग लागला, की त्यावरची तीन अक्षरे स्वतः वाचा. टॅगची चिठ्ठी बॅग घरी उघडून पाहीपर्यंत फेकू नका.

विमानतळावर काहीच केले नाही आणि आता घरी येऊन चार दिवस झाले आहेत, असे कोणी हे वाचत असेल, तर अजून तीन दिवस हाती आहेत. टॅगची चिठ्ठी शोधा, फोटो काढा आणि ईमेल आजच पाठवा.